दिव्यांगांच्या संस्थेसाठी जेवणाचा कार्यक्रम: दारापासून हिशोबापर्यंत

काही वर्षांपूर्वी आम्ही एका संस्थेसाठी निधी जमवायला जेवणाचा कार्यक्रम ठेवला होता. अपंग माणसांना साधनं, प्रशिक्षण आणि काम मिळवून देणारी ती संस्था. तिकिटं सगळी खपली, स्वयंपाक उत्तम झाला, ठरवलेली रक्कमही जमली. मी दाराशी तिकिटं तपासत उभी होते. संस्थेच्या विश्वस्त असलेल्या एक ताई व्हीलचेअरवरून आल्या. पुढच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "ताई, मागून या ना, स्वयंपाकघराच्या बाजूने सपाट आहे." त्या खरकट्या भांड्यांच्या ढिगाजवळून, ओल्या फरशीवरून आत आल्या. आत उभ्याने जेवायची उंच टेबलं. त्यांनी ताट मांडीवर घेतलं, पाण्याचा ग्लास दोन गुडघ्यांमध्ये धरला आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे मान वर करून बोलत जेवल्या. तक्रारीचा एक शब्द नाही. पैसे मात्र आम्ही त्यांच्याच संस्थेसाठी जमवत होतो.

तेव्हापासून असा कार्यक्रम ठरवताना मी मेन्यूपासून सुरुवात करत नाही, दारापासून करते. ज्यांच्यासाठी निधी जमवायचा, ती माणसं त्या दिवशी यजमान म्हणून पुढच्या दारातून आत येऊन टेबलाशी बसून जेवू शकली पाहिजेत. ते जमत नसेल तर जागा बदला, तारीख बदला, गरज पडली तर कार्यक्रमाचं स्वरूपच बदला. खाली जे लिहिलंय ते शंभर ते तीनशे माणसांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. तयारीला आठ ते दहा आठवडे हाताशी असू द्या.

आधी संस्थेशी बसा

बरेचदा मंडळी आधी सगळं ठरवतात आणि मग संस्थेला फोन करतात, "आम्ही तुमच्यासाठी कार्यक्रम करतोय." संस्था नाही म्हणू शकत नाही, कारण पैसे नाकारणं तिला परवडत नाही. म्हणून तारीख, जागा, जेवण यातलं काहीही पक्कं व्हायच्या आधी भेटा. जगभरच्या अपंग चळवळीचं एक घोषवाक्य आहे, "आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नको." संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करारनामा स्वीकारला, तो घडवतानाही अपंग व्यक्तींच्या संघटना बरोबरीने बसल्या होत्या. आपली आयोजन समिती त्या मानाने फारच लहान. तीत निदान दोन अपंग सदस्य हवेत. त्यांना सल्ल्यापुरतं बोलावू नका, निर्णयात मत द्या. एकच माणूस घेतलात तर सगळ्या प्रकारच्या अपंगत्वाचं ओझं त्याच्यावर पडतं. व्हीलचेअर वापरणाऱ्याला बहिऱ्या माणसाची अडचण ठाऊक असेलच असं नाही.

पहिल्या बैठकीत तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली, संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह वापरायची परवानगी. दुसरी, पैसा नेमका कशासाठी. "संस्थेच्या कार्यासाठी" हे उत्तर मला पुरत नाही आणि देणगीदारालाही पुरत नाही. दोन विद्युत व्हीलचेअरच्या बॅटऱ्या, सांकेतिक भाषेच्या दुभाषाचं सहा महिन्यांचं मानधन, वाहनाला चढउताराची लिफ्ट, असं हाताने दाखवता येईल असं काही विचारा. अर्थात संस्थेला खरी गरज वीजबिलाची आणि पगारांची असेल तर तेच स्पष्ट लिहा. पगाराशिवाय कुठलीच सेवा चालत नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिसरी गोष्ट, पैसे कोणत्या खात्यात आणि किती दिवसांत जमा होणार.

आकडेमोड, कागदावर

जेवणाच्या कार्यक्रमात पैसा गळतो तो इथे. हॉल भरलेला दिसतो, सगळे खूश असतात, आणि खर्च वजा जाता हातात जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून खर्चाचे दोन ढीग करा. एक स्थिर खर्च: जागेचं भाडं, मंडप, छपाई, आवाजयंत्रणा, दुभाषा, परवाने. माणसं शंभर आली काय नि तीनशे आली काय, तो बदलत नाही. दुसरा ताटामागचा खर्च: शिधा, इंधन, आचारी आणि वाढप्यांची मजुरी, पाणी, ताटवाट्या.

चलन कुठलंही धरा. समजा स्थिर खर्च ६,००० आहे, एका ताटाचा खर्च २० आणि तिकीट ६०. म्हणजे ताटामागे ४० उरतात. ६,००० भागिले ४०, म्हणजे पहिली १५० तिकिटं फक्त खर्च भरून काढण्यात जातात. २५० तिकिटं खपली तर वरच्या १०० तिकिटांचे ४,००० संस्थेला मिळतील. पण अडीचशेच्या जागी सत्तर टक्के, म्हणजे १७५ च खपली तर? संस्थेच्या हाती फक्त १,००० पडतील. इतक्या मोठ्या धावपळीला हजार.

आता हेच गणित उलट्या बाजूने करा. स्थिर खर्च एखाद्या प्रायोजकाने उचलला, कुणी जागा फुकट दिली, कुणी छपाई करून दिली, तर त्याच २५० तिकिटांतून १०,००० उभे राहतात. म्हणून माझा आग्रह असा की तिकीट विकायला निघण्याआधी प्रायोजक शोधायला निघा, आणि त्यांच्याकडे स्थिर खर्चच मागा. "भाडं तुम्ही द्या, म्हणजे प्रत्येक तिकिटातला मोठा वाटा थेट संस्थेला जाईल," हे वाक्य लोकांना पटतं, कारण ते खरं आहे.

अंदाजपत्रकात दोन रकाने हमखास विसरले जातात. पहिला सुगम सोयींचा: तात्पुरता उतार, दुभाषा, मोठ्या अक्षरांतली छपाई. हा खर्च पहिल्याच दिवशी मांडा. शेवटच्या आठवड्यात काटछाट सुरू झाली की पहिली कात्री त्यालाच लागते. दुसरा रकाना मदतनिसांच्या ताटांचा. कुणाला जेवताना, शौचालयात जाताना सोबत लागत असेल तर त्या सोबत्याकडून तिकीट घेऊ नये. नाहीतर अपंग माणसाला त्याच जेवणासाठी दुप्पट पैसे मोजावे लागतात. वरच्या उदाहरणात पंधरा मदतनीस धरले तर खर्च ३०० ने वाढतो. तेवढा वाढू द्या.

सोडत किंवा लिलाव ठेवणार असाल तर आधी तुमच्याकडचा कायदा तपासा. बऱ्याच ठिकाणी सोडतीला वेगळी परवानगी लागते.

जागा: टेप घेऊन जा

हॉलच्या व्यवस्थापकाला फोनवर "व्हीलचेअर येते का?" असं विचारू नका. उत्तर "हो" असंच येतं. एक पायरी त्यांच्या हिशोबात पायरी नसते. मोजायची टेप घ्या, समितीतल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या सदस्याला बरोबर घ्या आणि कार्यक्रमाची जी वेळ असेल त्याच वेळी जा. वाहन थांबतं तिथून ताटापर्यंत आणि ताटापासून शौचालयापर्यंत सगळा रस्ता त्यांच्यासोबत पार करा.

उताराचं प्रमाण सर्वसाधारणपणे १ ला १२ धरतात. एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. आमच्या त्या हॉलच्या तीन पायऱ्या प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या, म्हणजे चढ ४५ सेंटीमीटर, आणि त्यासाठी लागणारा उतार ५.४ मीटर. "दोन फळ्या टाकू" हे का चालत नाही ते यावरून कळेल. उतार त्याहून तीव्र असला की हाताने चाक ढकलणाऱ्याला तो चढवत नाही आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडते. उतार निदान ९० सेंटीमीटर रुंद हवा, चाक घसरू नये म्हणून दोन्ही कडांना उंचवटा हवा, धरायला कठडे हवेत.

दार उघडल्यावर मिळणारी मोकळी रुंदी ८० सेंटीमीटरच्या आत नको, ९० असेल तर उत्तम. दाराची चौकट मोजू नका, दार उघडं धरून मोजा. व्हीलचेअर जागच्या जागी वळायला सुमारे १५० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. टेबलांच्या रांगांमधून मी १२० सेंटीमीटर सोडते, कारण लोक जेवायला बसल्यावर खुर्च्या मागे सरकतात आणि नकाशावरची ९० सेंटीमीटरची वाट साठ होते. टेबलाखाली गुडघ्यांसाठी ७० सेंटीमीटरची मोकळी उंची हवी. घडीच्या टेबलांना मध्ये आडवी दांडी असते, तीही पाहा. प्रत्येक टेबलाशी एकदोन जागा खुर्ची न ठेवता मोकळ्या सोडा. व्हीलचेअरवाल्यांचं वेगळं टेबल एका कोपऱ्यात मांडू नका, माणसं आपापल्या माणसांसोबत बसायला येतात.

शौचालयाचं दार स्वतः उघडून बघा. सुगम शौचालय आहे असं सांगतात आणि आत झाडू, बादल्या, जादा खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता करारातच लिहून घेते: कार्यक्रमाच्या दिवशी ती खोली रिकामी, स्वच्छ आणि उघडी मिळेल.

जागा म्हणजे नुसती चाकांची वाट नव्हे. ज्या हॉलमध्ये आवाज घुमतो तिथे श्रवणयंत्र वापरणाऱ्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, कारण यंत्र सगळाच गोंगाट मोठा करतं. स्वमग्न मुलांना आणि मोठ्यांनाही तो गोंगाट असह्य होतो. जेवण चालू असताना ध्वनिक्षेपकावर गाणी लावू नका. जवळच एक शांत खोली ठेवा, मंद उजेडाची, दोनचार खुर्च्यांची, आणि तिकडे जाणारी पाटी लावा. पण जिथे दुभाषा उभा राहणार तिथे मात्र चेहऱ्यावर आणि हातांवर भरपूर उजेड हवा. दुभाषाच्या मागे खिडकी नको, नाहीतर नुसती काळी आकृती दिसते. भाषणांचा भाग तासाच्या वर जाणार असेल तर दोन दुभाषे लागतात, साधारण वीस ते तीस मिनिटांनी ते आलटून पालटून काम करतात. त्यांची तारीख लवकर धरा. हॉलच्या आधी दुभाषा ठरवायची वेळ माझ्यावर आली आहे.

काय शिजवायचं, कसं वाढायचं

पदार्थ कमी ठेवा. पाच नीट सांभाळलेले पदार्थ बारा पदार्थांपेक्षा चांगले, चवीलाही आणि सुरक्षिततेलाही. घरोघरून डबे मागवायची कल्पना गोड वाटते, पण मी तिच्या विरोधात आहे. तीस घरांतून तीस भांडी आली की कशात काय घातलंय, केव्हा शिजवलंय, वाटेत किती तास गेले, याचा पत्ता लागत नाही. स्वयंपाक एका ठिकाणी, एका आचाऱ्याच्या देखरेखीखाली, शक्यतो परवाना असलेल्या स्वयंपाकघरात व्हावा. ज्यांना घरचा हात लावायचाय त्यांना तिथे चिरायला, वाटायला बोलवा.

प्रत्येक पदार्थापुढे पाटी: नाव, आणि त्यात शेंगदाणे, सुकामेवा, दूध, गहू, अंडी, तीळ, सोयाबीन, मासे किंवा कवचधारी जलचर यांपैकी काय आहे. ॲलर्जीसाठी वेगळा डाव, वेगळी कढई हवी. शेंगदाण्याच्या पदार्थात बुडवलेला डाव दुसऱ्या पातेल्यात गेला तर पाटी खोटी ठरते.

आता गिळायला त्रास होणाऱ्यांचं जेवण. मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), पक्षाघाताचा झटका (स्ट्रोक), स्नायूंचे काही आजार यांत घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. यासाठी आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे, ० ते ७ अशा आठ पायऱ्यांची. त्यातली सहावी पायरी म्हणजे मऊ, घासाएवढे तुकडे. मोठ्या माणसासाठी तुकडा दीड सेंटीमीटरपेक्षा मोठा नको, म्हणजे साधारण काट्याच्या रुंदीएवढा. तो काट्याने दाबताना अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतक्या जोरात चिरडला पाहिजे आणि काटा काढल्यावर पूर्ववत व्हायला नको. पाचवी पायरी याहून बारीक, ओलसर, कण ४ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढे. तुम्ही सगळ्या आठ पायऱ्यांचं जेवण करायचं नाही. नोंदणीच्या वेळी विचारा आणि ज्याला जे लागतं ते त्याच्याकडून किंवा त्याची काळजी घेणाऱ्याकडून नीट समजून घ्या. अंदाजाने "मिक्सरमधून फिरवून देऊ" असं करू नका. आणि असं ताट देतानाही ते ताटासारखं दिसू द्या. प्रत्येक पदार्थ वेगळा वाटा, वेगळा वाढा. सगळं एकत्र करून करडा गोळा पुढे ठेवला तर कुणालाही जेवावंसं वाटणार नाही.

ताटवाट्यांकडे बघा. पसरट, पातळ, हलकी ताटं एका हाताने जेवणाऱ्याच्या पुढे सरकत राहतात. कड असलेली खोलगट ताटं घ्या, काही ताटांखाली घालायला न सरकणारे रबरी मॅट ठेवा, दोन्ही बाजूंना कान असलेले कप आणि वाकवता येणाऱ्या नळ्या ठेवा. नळी काहींची सवय असते, पण काहींना तिच्याशिवाय पाणीच पिता येत नाही. मागितली की कारण न विचारता द्या.

बुफे ठेवलात तरी टेबलाशी वाढायची सोय सगळ्यांसाठी खुली ठेवा आणि तसं जाहीर करा. हातात कुबड्या असलेल्या माणसाला ताट धरता येत नाही, आणि "मला वाढून आणाल का?" हे दरवेळी विचारणं जड जातं. सगळ्यांनाच वाढपी विचारत असतील तर कुणालाच विशेष विचारावं लागत नाही. दृष्टिहीन पाहुण्याला वाढल्यावर ताट घड्याळासारखं सांगा: "भात सहा वाजता, भाजी नऊ वाजता, वाटी बारा वाजता आहे आणि गरम आहे." पाण्याचा ग्लास कुठे ठेवला तेही सांगा, आणि सांगितल्यावर तो हलवू नका.

विषबाधा होऊ नये म्हणून

इथे थोडा वेळ घालवते, कारण एका चुकीने संस्थेचं नाव कायमचं खराब होऊ शकतं आणि माणसं आजारी पडतात ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेची पाच सूत्रं आहेत: स्वच्छता, कच्चं आणि शिजलेलं वेगळं, पूर्ण शिजवणं, योग्य तापमान, सुरक्षित पाणी आणि कच्चा माल. मोठ्या स्वयंपाकात घात होतो तो बहुधा तापमानात.

५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवताना पदार्थाच्या मध्यभागी निदान ७० अंश व्हायला हवेत. वाढेपर्यंत तो ६० च्या वर राहिला पाहिजे. शिजलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हे डोळ्यांनी किंवा बोट लावून कळत नाही, टोचून बघायचा थर्मामीटर विकत घ्या. अन्न गरम ठेवायची वाफेची भांडी थंड अन्न गरम करायला निरुपयोगी असतात, ती फक्त गरम अन्न गरम राखतात. आधी अन्न पूर्ण तापवायचं, मगच त्यात ओतायचं.

आदल्या रात्री शिजवून ठेवायचा मोह टाळा, विशेषतः भाताचा. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं ते विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. मोठ्या पातेल्यातल्या मांसाहारी रश्शात क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजन्स असाच वाढतो, कारण खोल पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. काही आधी करून ठेवणं भागच असेल तर लगेच पसरट परातींत पाचसात सेंटीमीटरच्या थराने ओता, खाली बर्फाचं पाणी ठेवा. दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि त्यापुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत ते उतरलं पाहिजे. २१ अंशांवर आलं की फ्रिजमध्ये ठेवा.

ज्याला जुलाब किंवा उलट्या झाल्यात त्याने बरं वाटल्यानंतरही ४८ तास अन्नाला हात लावायचा नाही, मग तो कितीही जुना, कितीही हौशी स्वयंसेवक असो. प्रत्येक पदार्थाचा एक नमुना स्वच्छ डब्यात, वर नाव आणि वेळ लिहून, तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. काही घडलंच तर कारण शोधायला तोच उपयोगी पडतो.

निमंत्रण आणि शब्द

दयेने पैसा पटकन येतो, हे खरं आहे, आणि म्हणूनच तो रस्ता धरला जातो. अमेरिकेत जेरी लुईस यांनी १९६६ ते २०१० या काळात स्नायूंच्या आजारांसाठी दूरदर्शनवर दरवर्षी निधीसंकलनाचा मोठा कार्यक्रम केला. त्यातून प्रचंड पैसा उभा राहिला, पण लहानपणी ज्यांना त्यात दाखवलं गेलं होतं त्यांच्यापैकीच काहींनी मोठेपणी त्याविरुद्ध निदर्शनं केली. लंडनमध्ये १९९० आणि १९९२ मध्ये अशाच एका कार्यक्रमाविरुद्ध अपंग लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा मुद्दा साधा होता: आम्हाला केविलवाणं दाखवून मिळालेल्या पैशाने आमच्याकडे बघण्याची नजर आणखी बिघडते, आणि उद्या हाच माणूस आम्हाला नोकरी द्यायला कचरतो.

म्हणून निमंत्रणात "बिचारे", "दुर्दैवी", "अपंगत्वावर मात करून" हे शब्द नकोत. रडवणारा फोटो नको. ज्याचा फोटो वापराल त्याची लेखी संमती घ्या, आणि कुठे कुठे छापणार तेही त्यात लिहा. मूल असेल तर पालकांना विचाराच, पण मुलालाही विचारा. "अपंग", "दिव्यांग", "विकलांग" यांपैकी कुठला शब्द, हे संस्थेतल्या माणसांना विचारून ठरवा, मते वेगवेगळी असतात.

निमंत्रण नुसतं चित्र म्हणून पाठवू नका. दृष्टिहीन माणसाच्या फोनला चित्रातली अक्षरं नीट वाचता येतीलच असं नाही, म्हणून तोच मजकूर साध्या अक्षरांतही पाठवा. रंगांत ठळक फरक ठेवा, फिकट पिवळ्यावर पांढरं असलं काही नको. आणि सोयींबद्दल "जागा सुगम आहे" एवढंच लिहून थांबू नका, नेमकं लिहा. असं काहीसं:

"पुढच्या दाराला पायऱ्यांशेजारी ५.४ मीटरचा उतार आहे, दोन्ही बाजूंना कठडे. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर. सुगम शौचालय त्याच मजल्यावर, जेवणाच्या जागेपासून २५ मीटरवर. सांकेतिक भाषेचे दुभाषे सात ते आठ या वेळेत असतील. शांत खोली आहे. मार्गदर्शक श्वानांचं स्वागत आहे. मदतनिसाला तिकीट नाही."

हे वाचून माणूस स्वतः ठरवू शकतो. नोंदणी अर्जात "तुमचं अपंगत्व कोणतं?" हा प्रश्न नको. "नीट येता, बसता, जेवता यावं म्हणून तुम्हाला काय लागेल?" असं विचारा, खाली मोकळी जागा सोडा. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारा. गुडघेदुखीच्या आजी आणि तान्ह्या बाळाची आईसुद्धा तिथे काहीतरी लिहितात. जगात सहातल्या एका माणसाला लक्षणीय अपंगत्व आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे तिकीट काढून येणाऱ्या पाहुण्यांतही अपंग माणसं असणारच, ती काही फक्त संस्थेकडून येत नाहीत.

स्वयंसेवक

आदल्या दिवशी तासभर सगळ्यांना एकत्र घ्या, आणि शिकवायला समितीतले अपंग सदस्य असू द्या. न विचारता व्हीलचेअरला हात लावायचा नाही, ती त्या माणसाच्या अंगासारखीच आहे. दृष्टिहीन व्यक्तीचा हात ओढायचा नाही, आपलं कोपर पुढे करायचं आणि त्यांना धरू द्यायचं. दुभाषा असला तरी बोलायचं बहिऱ्या माणसाकडे बघून. कुणाचं बोलणं कळलं नाही तर कळल्यासारखी मान डोलवायची नाही, पुन्हा विचारायचं.

कामं वाटताना अपंग स्वयंसेवकांनाही तिकीट, हिशोब, निवेदन, स्वागत, पाट्या लावणं अशी खरी कामं द्या. मंचावर बोलावून सत्कार करणं हे काम नव्हे. संस्थेच्या वतीने कुणी बोलणार असेल तर काय बोलायचं ते त्यांनीच ठरवावं. आणि मंचालाही उतार लागतो, हे शेवटच्या क्षणी आठवतं.

पैसा हाताळणं

रोकड कधीही एका माणसाच्या हातात एकटी नको. गल्ल्यावर दोघं, मोजायला दोघं, आणि मोजणारे एकाच घरचे नकोत. दानपेटी कुलूपबंद किंवा मोहोर लावलेली. सुरुवातीला सुट्टे म्हणून ठेवलेली रक्कम लिहून ठेवा, नाहीतर शेवटी तीच देणगीत मोजली जाते. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा असावा, कुणाच्या वैयक्तिक खात्याचा नको. पाटीवरचा कोड दिवसातून दोनतीनदा स्वतः स्कॅन करून बघा, वर दुसरा कोड चिकटवण्याचे प्रकार होतात. कार्ड किंवा फोनने पैसे घ्यायचं यंत्र व्हीलचेअरवरून हात पोचेल अशा उंचीवर ठेवा.

तिकीट आणि देणगी यांच्या पावत्या वेगळ्या करा. तिकिटाच्या बदल्यात जेवण मिळतं, त्यामुळे करसवलतीच्या दृष्टीने दोन्ही रकमा बऱ्याच ठिकाणी सारख्या धरल्या जात नाहीत. संस्थेच्या हिशोबनिसाला आधीच विचारा.

जेवणाच्या मध्येच भावनिक आवाहन करून लोकांना अडवू नका. जेवण होत आलं की दोन मिनिटांत सांगा: कशासाठी जमवतोय, किती लागतात, आतापर्यंत किती झाले. दारात पेटी आणि कोड असतोच.

नंतर

उरलेलं अन्न वाटायचं तर तेच नियम: दोन तासांच्या आत, ६० च्या वर राहिलेलं. ज्या पातेल्याची खात्री नाही ते टाकून द्या. वाईट वाटतं, पण शंकेचं अन्न कुणाला देऊ नये.

पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च एका पानावर सगळ्यांना पाठवा. आलेले पैसे, खर्च झालेले पैसे, संस्थेला दिलेले पैसे, आणि दिल्याची पावती. खर्च जास्त झाला असेल तरी तोच आकडा लिहा. तीन महिन्यांनी एक छोटं पत्र: त्या बॅटऱ्या बसल्या, ते मानधन सुरू झालं.

आणि महिन्याभरात समिती पुन्हा बसवा, अपंग पाहुण्यांपैकी दोघातिघांना बोलवा, काय अडलं ते विचारा आणि लिहून ठेवा. आमच्या वहीत गेल्या वेळच्या नोंदी अशा आहेत: हात धुण्याचं बेसिन उंच. शांत खोलीच्या शेजारी जनित्र. वाढपी मदतनिसाला विचारतात, पाहुण्याला नाही. टेबल क्रमांक चारखाली आडवी दांडी. त्याच वहीत मागच्या पानावर हॉलचा नकाशा आहे, सगळी मापं लिहिलेला, आणि मोजायची टेप रबराने वहीलाच बांधून ठेवली आहे.